परटिणीची यंट्री

आमच्या संस्थेत कुणाचाही सत्कार निघाला की तबक माझ्या हातात येतं. शाल, नारळ, फेटा, हार. शाल घालायला पुरुष, माईकवर बोलायला पुरुष, फोटोत मधोमध उभे राहायलाही पुरुष. बाईंनी फक्त तबक धरायचं आणि फोटोत अर्धं कापलं जायचं. मी मराठी शिकवते, एम.ए. आहे, आवाज खणखणीत आहे. पण इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडून निघालं नाही की मॅडम, आज तुम्ही बोला. तबकासाठी मात्र मॅडमशिवाय पान हलत नाही.

ते तबक मी एकदा दिलं नाही, त्या संध्याकाळची ही हकिकत. पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. माझी बदली झाली. भूमच्या शाळेतून पार सोनारीच्या बाजूच्या शाखेत. रोज सकाळी एसटी धरते, ती चुकली तर वडापच्या खासगी जीपमध्ये स्वतःला कोंबून घेते. आणि मला रतीभर पश्चात्ताप नाही.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, लग्नाआधी एकदाच स्टेजवर जाणार होत्या. मोठ्या दुष्काळानंतरची वर्षं. भूमच्या हायस्कुलात गाणं शिकवणाऱ्या एका मास्तरांनी स्वतः लिहून एक संगीतिका बसवली होती. संगीतिका म्हणजे सगळं गाण्यात. ‘पाणी दे’ हेसुद्धा गाऊनच म्हणायचं, शिवी द्यायची तीही सुरात. गोष्ट अशी की एका राजाच्या राज्यात प्यायला पाणी नाही, पण सत्कार रोज. प्रजा येते, राजाला शाल घालते, जाते. शालीवर शाल चढत जाते आणि राजा दिसेनासा होतो. शेवटी प्रेक्षकांमधून एक परटीण धुणं गोळा करत येते, स्टेजवर चढते आणि राजाच्या शाली उतरवायला लागते. ती परटीण म्हणजे आत्या. माहेर मेंढरं राखणारं. मेंढरांमागे हाका घालून आवाज असा कमावलेला की माईकची गरज नाही.

प्रयोग बाजाराच्या मैदानात होता. प्रमुख पाहुणे उशिरा आले. त्यांच्यासाठी खेळ थांबवला, सत्कार केला. मग पाहुणे बोलायला उभे राहिले ते बसेचनात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं शेवटची एसटी गाठायला उठून गेली आणि मैदान रिकामं झालं. आत्या गाठोडं काखेत मारून सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या. त्याच उन्हाळ्यात त्यांचं लग्न लागलं, मास्तरही गाव सोडून गेले आणि खेळ पुन्हा कधी झाला नाही.

“माझी यंट्री ऱ्हायली,” हे वाक्य मी या घरात आल्यापासून ऐकते आहे. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, मधूनच, कुणी न विचारता. आधी मला हसू यायचं. घरातली पुरुषमंडळी म्हणत, एक यंट्री ऱ्हायली म्हणून काय आभाळ कोसळलं व्हय? ते ऐकून ऐकून माझं हसू गेलं आणि राग यायला लागला. आभाळ कुणाचं कोसळलं नाही हे खरंच, पण ती यंट्री त्यांची होती ना!

मागच्या वर्षी आमच्या संस्थेच्या कॉलेजात गाण्याच्या नव्या मॅडम आल्या. पोरसवदा, पण चिकाटीच्या. माझ्याकडून त्यांनी हे ऐकलं आणि मोबाईल घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. आत्यांनी राजा गायला, प्रधान गायला, सगळी प्रजा गायली. शेवटची ओळ मात्र कुणाला सांगेनात. परटिणीचं काम करणारी मुलगी आली तेव्हा आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून एकट्या तिला शिकवली. “शेवट आधी कळला तर यंट्रीला काय चव ऱ्हाती?” म्हणाल्या. मी सून, मीही बाहेरच.

प्रयोग संस्थेच्या सभागृहात ठरला. कार्यक्रमाची जबाबदारी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे होती. त्यांनी पहिले दोन प्रवेश वाचले आणि म्हणाले, “उत्तम. सत्काराचं महत्त्व मुलांना समजेल.” मी पदर तोंडात कोंबून बाहेर पळाले.

त्या संध्याकाळी आत्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. गुडघा दुखत होता, पण काठी घेतली नाही. तबकवाल्या बाईंना पहिल्या रांगेत जागा असते, त्यामुळे त्या माझ्या शेजारी बसल्या आणि तबक माझ्या मांडीवर. संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे आमचे साहेब, यायचेच होते. वाट बघून बघून शेवटी खेळ सुरू केला. आणि प्रजेचं गाणं ऐन रंगात आलेलं असताना साहेब आले.

स्टेजवर चाललं होतं,
“घाला शाल, द्या नारळ,
राजा खोकला, वाजवा टाळ!”
आणि खाली साहेब हात जोडत, मागे चार माणसं घेऊन मधल्या वाटेने येत होते. पहिली रांग उभी राहिली. पोरं थांबली नाहीत, टाळ वाजतच राहिले. मागून एका म्हाताऱ्या बाबांचा आवाज आला, “ह्यो दुसरा राजा व्हय?” निम्मं सभागृह हसलं. साहेबांना वाटलं, स्वागत आहे. तेही हसले आणि मधल्या सोफ्यावर बसले.

मुख्याध्यापक वाकून वाकून माझ्यापाशी आले. “मॅडम, उठा. तबक घ्या. पाच मिनिटं थांबवू खेळ.”

“सर, संपल्यावर.”

“संपल्यावर? साहेबांना परंड्याला लग्नाला जायचंय.”

“मग जाऊ द्या की. तिकडं नवरदेव खोळंबला असंल.”

त्यांना आधी वाटलं मी थट्टा करते. मग त्यांनी तबकाची कड धरली. मी दुसरी कड धरली. दोन शिकलेली माणसं पहिल्या रांगेत तबक ओढतात आणि मध्ये नारळ गडगडतो, असा तो देखावा. “मॅडम, महागात पडेल हे,” ते दात आवळून म्हणाले.

मला ते ठाऊक होतं. मी भ्याले होते, खोटं कशाला सांगू? पण शेजारी आत्या मान मागे वळवून दाराकडे बघत होत्या. आपल्यामागे काय चाललंय याचं त्यांना भान नव्हतं. त्या नजरेकडे बघून माझी भीती कुठल्या कुठे गेली आणि मला नुसता संताप आला. किती वेळा थांबायचं बाईनं, आणि कुणाकुणासाठी?

“सर, आधी परटीण येऊ द्या,” मी म्हणाले.

“कोण परटीण?” त्यांनी तिसरा प्रवेश वाचलाच नव्हता.

तेवढ्यात मागचं दार उघडलं.

“द्या गं धुणं, द्या रं धुणं,
राजाच्या गावात पाणी उणं...”

पोरगी गाठोडं घेऊन माणसांमधून येत होती. कुणी तिला रुमाल दिला, कुणी उपरणं, एकाने डोक्यावरची टोपी काढून टाकली. आत्यांचे ओठ हलत होते. ती पहिल्या रांगेपाशी आली तेव्हा मुख्याध्यापकांनी तबक सोडून दिलं, काय करावं ते त्यांना सुचेना. आत्यांनी माझ्या मांडीवर बघितलं. साहेबांसाठी आणलेली शाल, प्लास्टिकच्या पिशवीतली, कोरी करकरीत. ती त्यांनी उचलली आणि पोरीच्या गाठोड्यात टाकली.

“ही बी घे गं. लई मळलीया.”

असं हसू मी त्या सभागृहात कधी ऐकलं नव्हतं. पोरगी हसू दाबत स्टेजवर चढली. शालींचा ढीग मधोमध खुर्चीवर होता आणि त्याच्या आत राजा असणार. तिने एक शाल उतरवली, दुसरी उतरवली. साहेबांना आता उमगलं असावं. ते सोफ्यावरून उठले, कमरेवर हात ठेवून मुख्याध्यापकांकडे बघत तसेच उभे राहिले. पेटी थांबली. पोरीचा हात शालीवरच अडकला. तिने गाण्याच्या मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. मला वाटलं, गेलं. पुन्हा तेच.

माझ्या खांद्यावर भार आला. आत्या माझा आधार घेऊन उभ्या राहत होत्या. त्या ओरडल्या नाहीत, पण मेंढरांमागे कमावलेला तो आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला.

“सायेब, खाली बसा. मागच्यांला दिसंना.”

मग मागून ते म्हातारे बाबा म्हणाले, “व्हय की, बसा!” मग आणखी दोघं-तिघं, मग बायकांच्या बाजूने, मग वर बाल्कनीतून. “बसा, बसा!” साहेबांनी आमच्या रांगेवरून नजर फिरवली. माझ्याकडे बघितलं, शाल नसलेल्या तबकाकडे बघितलं. मी नजर खाली घातली नाही.

साहेब बसले.

पेटी सुरू झाली. पोरीने एकेक शाल उतरवून खाली टाकली आणि शेवटची उचलली. खुर्ची रिकामी होती. ओळ दोन आवाजांत आली, एक स्टेजवरून आणि एक माझ्या खांद्याजवळून:

“शाली काढल्या, शाली काढल्या, आत कुणीच न्हाय!”