ईटच्या बांधावर सापडलेला कोळसा

आता काय आणि कुठून सांगू तुम्हाला, आठवलं तरी कान गरम होतात! पण चहा ओतलेला आहे, तुम्ही सगळे घरचेच, तेव्हा ऐका. माझ्यामुळं ईटच्या दोन सख्ख्या भावांची पेरणी अडली होती. आणि ती का? तर मी पुस्तक वाचलं म्हणून!

मी तेव्हा ईट गावी मास्तर होतो. निजामाचं राज्य गेलं, पुढं आमचा मुलूख मराठी मुलखाला जोडला गेला आणि माझ्यासारख्या उर्दूत शिकलेल्याची पंचाईत झाली. मराठी सुधारावं म्हणून मी भूमच्या वाचनालयातून मिळेल ते पुस्तक आणायचो. कादंबऱ्या लोकांनी आधीच पळवलेल्या. माझ्या वाट्याला आलं भूगर्भशास्त्र!

पण काय पुस्तक होतं हो! लाव्हा काय, थर काय, जमिनीखाली गाडली गेलेली अरण्यं काय! आठ दिवसांत मी पार बिघडलो. ठेच लागली की लोक 'आई गं' म्हणतात, मी खाली वाकून 'बेसाल्ट!' म्हणायचो.

त्यात लिहिलेलं होतं, दगड नुसता पाहू नये, फोडून पाहावा. झालं! एका रविवारी हातोडी, कुदळ आणि पिशवी घेऊन निघालो तो गेनबा आणि सोपान यांच्या रानात पोचलो. हे दोघे भाऊ. वाटणी झाल्यापासून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मधल्या बांधावर एक काळा दगड उभा होता. माथ्यावर पांढरा थर. चुनखडी! मी वहीत टिपून घेतलं आणि घातले घाव. दगडाचे पाच तुकडे झाले.

बुडखा उपटून खाली उकरतो तर काय? कोळसा! चांगला ओंजळभर कोळसा!

तुम्हीच सांगा, ज्यानं आदल्याच दिवशी कोळशाच्या खाणींवरचा धडा वाचलाय, त्यानं काय समजायचं? मी आणखी खणलं. काही निघेना. पुस्तक म्हणत होतं, थर तिरपा उतरतो. मग एक खड्डा गेनबाच्या अंगाला घेतला, एक सोपानच्या अंगाला. बांधाची पार चाळण करून टाकली. नाही निघाला थर. म्हटलं, खोल गेला असणार.

घरी येऊन पिशवी बायकोपुढं ओतली.

"अहो, हा बाभळीचा कोळसा आहे. ही बघा साल दिसतेय."

"ती लाखो वर्षांपूर्वीची साल आहे!"

"असेल. आपल्या शेगडीत रोज असलीच असते."

मी तिची कीव केली. अडाण्यांनी शास्त्रज्ञांना नेहमीच छळलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधीच गेनबा दारात. मागोमाग सोपान. एक भिंतीकडं तोंड करून बसला, दुसरा दाराकडं. मला वाटलं, खाणीची बातमी फुटली!

"मास्तर, अर्ज लिवा," गेनबा म्हणाला.

"लिहू की! पण आधी चहा. आज चहा साधा नाही." मी स्वतः शेगडी पेटवली. माझा कोळसा असा काही फुलला म्हणता! दोघांच्या हातात कपबशी दिली. "कसा झालाय?"

"चहा बरा हाय," सोपान म्हणाला. "पर मास्तर, आमचा अर्ज आधी लिवा. ह्यानं हद्दीचा दगड फोडला."

"म्या?" गेनबा उसळला. "मास्तर, ह्यानंच बांध खणला! वापसा निघून चाललाय, ओल सुकल्यावर जवारी पेरायची कवा? हद्द ठरल्याबिगर ह्याची तिफण चालू देणार न्हाय म्या."

मी बशी खाली ठेवली. "तो... चुन्याचा दगड... हद्दीचा होता?"

"चुना आमीच लावतो की दर साली," सोपान म्हणाला. "दगड गेला तर गेला. आमच्या आज्यानं दोन रानांच्या मदी त्याच्याखाली कोळसा पुरलाय, वाटणीबी त्याच हद्दीवर झाली. शंभर वर्सं कुजत न्हाय त्यो. दगड कुणी हालवला तरी उकरलं की हद्द घावती. पर आता कोळसाबी न्हाय!"

शेगडीत राख होती. दोघांनी आधी राखेकडं पाहिलं, मग कपाकडं, मग माझ्याकडं. माझी बायको पदर तोंडाला लावून आत पळाली.

"मास्तर," गेनबा अगदी हळू आवाजात म्हणाला, "आमची हद्द तुमी आमालाच पाजली व्हय?"

मी पाय धरायला निघालो होतो, तुमची शपथ! पण पायांपेक्षा पेरणी महत्त्वाची. सरकारी मोजणीदार येईपर्यंत रान वाळून गेलं असतं आणि दोघांच्या घरची वर्षाची भाकरी गेली असती, ती माझ्यापायी. शेवटी दोघांनी मलाच रानात नेलं. तीन खड्डे, त्यातला पहिला कुठला? मी मधल्याकडं बोट दाखवलं.

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. दोघांच्या तोंडाकडं बघायचं धाडस मात्र झालं नाही.

"मग ऱ्हावा हुबे त्यात. तिफणी फिरोस्तवर हलायचं न्हाय."

शाळेला सुट्टी देऊन मी कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहिलो. एका अंगानं गेनबाची तिफण, दुसऱ्या अंगानं सोपानची. येणारे जाणारे रामराम घालायचे. कुणी तरी म्हणालं, मास्तरला चुना लावायचा राहिलाय.

दुपार कलली तेव्हा दोघांच्या तिफणीचं शेवटचं तास एकदमच माझ्याजवळ आलं. बैल थांबले. गेनबानं कपाळाचा घाम पुसला, मला खालीवर न्याहाळलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा धाकट्या भावाकडं तोंड केलं.

"सोपान, कोळसा तर संपला. ह्यालाच पुरावं का हितं?"

सोपाननंही मला नीट न्याहाळलं.

"नगं दादा. ह्यो कुजंल."