गोरखदादाची खुर्ची

मनवाचा आवाज कानात पडला की माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची. सावेडीची पोरगी, आई-वडील दोघंही शिक्षक, बोलणं स्वच्छ, हसणं खळखळून. आमच्या मोबाईल गेमच्या टीममध्ये ती आली आणि मिरजगावचा ओंकार न् बेलापूरचा कल्याण एका दिवसात सज्जन झाले. "मनवा, बँडेज हाय का? घे माझं." "मनवा, तू घरात थांब, भायेर आमी बगतो." तिला गोळी लागली की दोघंही लढाई सोडून धावायचे. मी एकटीनं खिंड लढवली तरी माझ्या वाट्याला काय, तर "दादा, जरा लवकर यायचं ना!"

दादा म्हणजे मीच. माझं नाव आरती. नागापूरला एका कंपनीत पॅकिंगला आहे. पहिली पाळी सुटली की खोलीवर येते, चहा टाकते आणि खेळायला बसते. माझ्या भावानं, गोरक्षनाथनं, नवा मोबाईल घेतला तेव्हा जुना मला दिला. त्यात 'गोरख' या त्याच्या नावानं हा गेम होता. भाऊ टेम्पो चालवतो, त्याला यात काडीचा रस नाही. मी मात्र पहिल्याच दिवशी हौसेनं माइक चालू करून बोलले. टीममधल्या एकानं नंबर मागितला, दुसरा म्हणाला, "जा, भाकऱ्या थाप," आणि तिसऱ्यानं मला बाहेर काढलं. तेव्हापासून नाव भावाचंच ठेवलं आणि माइक बंद. ओंकारच्या टीममध्ये आले तेव्हा 'माइक बिघडलाय' असं टाईप केलं. कुणी संशय घेतला नाही. चांगल्या खेळाडूचा माइक बिघडलेला चालतो.

तसा त्या गेममध्ये बायकांचा मान काय, हे कपड्यांवरूनच कळतं. गड्याला गळ्यापर्यंत चिलखत, बाईचं पोट उघडं. गोळ्या दोघांनाही सारख्याच लागतात. मी आपला मिशीवाला गडी घेऊन खेळते.

पण मनवा मनवा म्हणूनच खेळायची, याचाच मला जळफळाट. नेम धड नाही, बंदूक भरायला उशीर, तरी नाव तिचं स्वतःचं. आणि मी एवढी राबून भावाचं नाव मोठं करतेय. त्यात नगरला रविवारी स्पर्धा ठरली. स्टेजवर टीमच्या चार खुर्च्या, मागे मोठा पडदा, प्रत्येक खुर्चीला खेळाडूचं नाव. आमच्यापैकी कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. सगळे तिथं पहिल्यांदा भेटणार होते. गोरखच्या नावाच्या त्या खुर्चीसाठी माझा जीव टांगणीला लागला. मिरवायचं मनवानं, आणि मी खाली गर्दीत उभी राहून टाळ्या वाजवायच्या?

बुधवारी मनवाचा मेसेज आला, फक्त गोरखदादाला. "दादा, खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. तू चुकलास की ओंकार तुला शिव्या घालतो. मी चुकले की म्हणतो, असू दे. मला कुणी एकदा तरी बाहेर लढायला पाठवेल का रे?"

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. माझ्यावर कुणी जळावं, आणि तेही मनवानं! बरं वाटायला हवं होतं. पण ती जळत होती गोरखदादावर, आरतीवर नव्हे. आरती तिला माहीतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरावाचा सामना रंगात आला असताना मी माइक चालू केला. म्हणाले, "ओंकार, मी आरती. गोरख म्हणून मीच खेळते. रविवारी त्या खुर्चीत मी बसणार आहे."

ओंकार अगदी आदरानं म्हणाला, "वहिनी, दादाला मोबाईल द्या ना. मॅच चालू हाय."

"वहिनी कुठली? तुमचा दादा मीच आहे!"

कल्याण हसायला लागला. "व्हय का? मग सैपाक कोन करतंय?"

"अरे, ती सांगतेय ना, तीच खेळते म्हणून!" मनवा ओरडली.

"तू घरात थांब, मनवा," ओंकार म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं मी माइक बंद केला आणि गेममधल्या घरातून बाहेर पडले. झाडाआडचा एक टिपला, छतावरचा दुसरा, आणि जीपमधून पळणारा शेवटचाही. सामना आम्ही जिंकला.

"आला रं आला आपला दादा!" ओंकार नाचत असावा. "लई भारी, दादा! वहिनीच्या हातातून मोबाईल घेतला तवा कुटं मॅच हातात आली!"

जन्मात मनवावर जळले नसेन इतकी मी त्या गोरखदादावर जळले. मिशी त्याची, मान त्याचा, आणि नेम माझा.

"रविवारी वहिनींना पन घेऊन या, दादा," ओंकार म्हणाला. "बायकांसाठी खाली येगळ्या खुर्च्या हायेत."

मी मनवाला एवढंच लिहिलं, "रविवारी बाहेर लढायला तू माझ्याबरोबर चल. तुझी, आरती."

रविवारी मी जाणार आहे. ती वरची खुर्ची आता मी कुणालाही देणार नाही, खुद्द गोरखदादालाही नाही.