दोन बोटींची गोदी

आमच्या आत्याला राग आला की ती ओरडत नाही, पेन्सिलीला टोक करत बसते. बाबा गेले त्या वर्षी तिनं किती पेन्सिली संपवल्या, देव जाणे.

बाबा मालवाहू बोटीवर बॉयलर सांभाळायचे. तो आतून उघडून दुरुस्त करायची मुदत केव्हाच उलटली होती. बाबा सांगून थकले, पण मालकाचं एकच पालुपद: "अजून एक खेप होऊ दे." बोट दुरुस्तीला उभी केली की कमाई बंद आणि खर्च चालू, हे त्याचं गणित बरोबरच होतं. मेल्याला काळीज नव्हतं, एवढंच. त्याच खेपेत बॉयलर फुटला. चौकशीत दोष कुणाचा निघाला? बाबांचा! गेलेला माणूस काय बोलणार? तेव्हापासून आमच्या घरात मालकाचं नाव 'एकखेप' पडलं.

आत्या बाबांची धाकटी बहीण. जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेळापत्रक लावायचं काम तिचं. कोणती बोट कधी आत घ्यायची, कुणाच्या जोडीनं घ्यायची, सगळं तिच्या हातात. गोदी म्हणजे समुद्राला लागून खणलेला भलामोठा हौद. बोट आत आली की दार लावायचं आणि पाणी उपसायचं; बोट ठोकळ्यांवर बसते आणि तिचा तळ उघडा पडतो. उपसायचा खर्च अफाट, म्हणून दोन बोटी एकदम घेतात आणि खर्च वाटून घेतात. फक्त त्यात एक गोम आहे. एकीचा जरी तळ फाटका राहिला तरी पाणी आत सोडता येत नाही, आणि धडधाकट बोटही अडकून पडते. ही गोम आत्यानं बरीच वर्षं जपून ठेवली होती.

एकखेप आला तो धान्यवाहतुकीचा हंगाम अगदी तोंडावर असताना. त्याला तळ खरवडून फक्त रंग हवा होता, तोही स्वस्तात. "कुणाच्या तरी जोडीनं घाला हो बाई," म्हणाला. त्यानं तिला ओळखलंसुद्धा नाही! आत्या गोड हसली. मी तिथंच वेल्डिंगला होते, मला ते हसू बरोबर कळलं. जोडीला तिनं दिली एक म्हातारी फेरीबोट, खलाशांनी वर्गणी काढून विकत घेतलेली. तिच्या तळाची चाळणी झालीय हे साऱ्या गोदीला ठाऊक होतं. एकखेपनं विचारलं नाही, आणि आत्यानं सांगितलं नाही.

झालं! पाणी उपसलं, फेरीबोटीचा तळ दिसला, आणि खलाशांकडे नव्या पत्र्यांना दमडी नाही. एकखेपची बोट रंगून तयार, पण जाते कुठं? बाहेर भाड्याचे सौदे एकेक करून दुसरे पळवत होते. तो येऊन आत्याचं टेबल बडवायचा. ती आपली टोक करत राहायची.

शेवटी झक मारत त्यानंच फेरीबोटीचे पत्रे आणले, मजुरीही भरली. रोजचा तोटा खाण्यापेक्षा ते परवडत होतं. स्वतःच्या बोटीला जो छदाम सोडत नव्हता, त्यानं परक्यांच्या बोटीला नवा तळ दिला! ते पत्रे मी जोडले. खोटं कशाला बोलू, इतक्या आनंदानं मी जन्मात वेल्डिंग केलं नव्हतं.

घरी आत्यानं आईला सगळं रंगवून सांगितलं. आम्ही दोघी हसून बेजार. आई चहा गाळत होती, ती काही हसली नाही.

"वन्सं, एवढा खर्च झाल्यावर त्यानं स्वतःचा बॉयलर उघडला का हो?"

आत्याचं हसू मावळलं. "नाही, वहिनी. पैसे संपले म्हणाला. मुदतवाढीचा कागद आणलाय."

"म्हणजे अजून एक खेप," आई म्हणाली. "आता तिथं बॉयलरवर कोण असतं?"

आत्याला ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

"तुमच्या भावाचा सूड घेतलात, बरं वाटलं मला," आई म्हणाली. "पण माझ्यासारखी दुसरी कुणी करू नका."

सकाळी गोदीत पाणी सोडायचं होतं. आत्या सगळ्यांच्या आधी पोचली. बोटीच्या तळाला समुद्राचं पाणी आत घ्यायची झडप असते. एकखेपच्या बोटीची ती झडप तिनं तपासणीला म्हणून काढायला लावली. तळाला मोकळं भोक पडलं. आता पाणी कोण सोडतोय?

एकखेप धावत आत्याच्या टेबलाशी आला. "बाई, माझ्या जिवावर का उठलात?"

"बॉयलर उघडा. तो नीट झाला की झडप बसेल."

"बॉयलरचा तुमच्याशी काय संबंध?"

"काही नाही. झडपेचा आहे."

"तुम्ही आहात तरी कोण?"

तिनं बाबांचं नाव सांगितलं. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. "म्हणजे सूड घेताय तर."

"हो," आत्या म्हणाली. "आणि अजून पोट भरलेलं नाही माझं."

बॉयलर उघडला. आतल्या एका नळीवर फिटरनं अंगठा दाबला, तर आरपार गेला. नळ्या बदलता बदलता हंगाम गेला, आणि एकखेपनं बोट विकायला काढली. पण तिच्यावरच्या खलाशांचीही कमाई बुडाली. त्यांचा बॉयलरवाला, बाबा होते त्याच वयाचा, फाटकाशी येऊन आत्याच्या नावानं शंख करू लागला. या सटवीनं आमच्या पोटावर पाय दिला, हिचं वाटोळं होवो! माझं डोकंच फिरलं. ती कुजकी नळी उचलली आणि निघाले, म्हटलं दाखवतेच त्याला.

आत्यानं माझा हात धरला. "त्याला ठाऊक आहे गं. दादालाही ठाऊक होतं. पोट कुणाला चुकलंय? घालू दे शिव्या."

बाहेर तो घसा फोडून ओरडत होता. आत्या खिडकी लावायला उठली, आणि न लावताच तिथं ऐकत उभी राहिली.