त्या शालीचा रंग कोणता होता?

भोपाळकरांनो, काल रात्री स्टेशनबाहेरच्या टपरीवर शाल पांघरून चहा पिणाऱ्या आजोबांचा फोटो मी इथे टाकला होता. तुम्ही भरभरून लाइक दिले.

आज बरखेड्याहून एका ताईंचा फोन आला. "भैया, ते माझे बाबा आहेत. त्यांना काही आठवत नाही, परवापासून घरी आले नाहीत. ती शाल आमची नाही. पोलीस रंग विचारतायत, सांगा ना."

माझा कॅमेरा कायम ब्लॅक अँड व्हाइटवर असतो. रंगीत फोटोच नाही. शालीचा रंग मला आठवत नाही, टपरीवाल्यालाही नाही. दुपारपासून मी आणि ताई बाबांना स्टेशनभर शोधतोय.

चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती टिपली मी. "बाबूजी, घर कहाँ है" एवढं विचारलं नाही.

काल तिथे तुमच्यापैकी कुणी होतं का? शाल कोणत्या रंगाची होती?