पाच फूट सहा

दिल्लीत थंडी पडली की ट्रंकेतून स्वेटर निघतात आणि डांबरगोळ्यांच्या वासाने मला विद्यापीठातलं आमचं गाऊन वाटायचं टेबल आठवतं. एका पदवीदानाच्या सकाळी लातूरकडच्या एक ठेंगण्या बाई आल्या, शेवटच्या वर्षाला वारलेल्या मुलीची पदवी घ्यायला. सवयीने मी विचारलं, "हाइट?" "पाच फूट सहा." मी दिलेला गाऊन त्यांच्या पायांत लोळू लागला. "ताई, अडखळाल हो. तुमच्या मापाचा देते ना." "राहू द्या, पदवी तिची आहे." दोन्ही हातांनी घोळ उचलून त्या मंचावर चढल्या. संध्याकाळी घडी घालताना पाहिलं, घोळाला धुळीचा कणही नव्हता. तेव्हापासून हाइटच्या आधी मी विचारते, "गाऊन किसके लिए?"