अजमानच्या वाळूत अब्बांनी काढलेला माग

अम्मी गेल्यावर अब्बांना मी रत्नागिरीहून इथे दुबईशेजारच्या अजमानला आणलं. चहा पिऊन झाल्यावर ते पुन्हा चहा मागायचे, लिफ्टमध्ये शिरून कुठे जायचं ते विसरायचे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू माणसंही विसरतील. मला डॉक्टरांचा रागच आला. फ्लॅटच्या भिंतींकडे बघत बसलं की कोणीही विसरेल, असं मी बायकोला सुनावलं. त्यांना रानात न्यायला हवं, हे माझं औषध.

कारण अब्बा आमच्या मोहल्ल्यातले माग काढणारे. त्या काळी शिकार ठरली की आदल्या दिवशी ते एकटेच सरकारी रानात शिरायचे. भेकर कुठे चरतं, कुठे बसतं, कुठून उठेल, ते येऊन सांगायचे. इथे शिकारीला कडक बंदी. बंदूक सोडा, गलोल घेऊन फिरायचीही माझी छाती नाही. व्हिसा गेला तर खायचं काय? पण नुसतं बघायला कोण अडवतंय?

हिवाळ्यातल्या एका शनिवारी सकाळी मोकळ्या वाळवंटात गाडी उभी केली. अब्बांनी चपला काढल्या. चिमूटभर वाळू सोडून वारा बघितला. घाफच्या झाडाखाली लेंड्या पडल्या होत्या. एक बोटांत चुरडून म्हणाले, आजचीच. मग खुरांचा माग धरून असे निघाले की दम मला लागला. एका उंचवट्याआड त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. समोर झुडपाच्या सावलीत हरीण रवंथ करत होतं.

माझा ऊर भरून आला. तिथूनच बायकोला मेसेज टाकला, 'बस झालं, अब्बा एकदम ठीक. डॉक्टर गेले उडत.' ज्याला लेंडीवरून वेळ कळते त्याला पोटचा पोर कळणार नाही का, असा माझा सरळ हिशेब.

अब्बा कुजबुजत वाटे पाडायला लागले. आमच्याकडे शिकार पडली की तिथल्या तिथे वाटे ठरायचे. बिस्मिल्ला म्हणून बार टाकणाऱ्याला मांडी, रान उठवायला हाक्याला आलेल्या सगळ्यांना सारखं, आणि ज्याच्या घरी आजारी माणूस असेल त्याला काळीज.

"काळीज घरी न्यायचं," ते म्हणाले. "हल्ली ती जेवतच नाही."

ती म्हणजे अम्मी. आता घरी जाऊ या, असं म्हणावंसं वाटत होतं, पण त्यांचं संपलं नव्हतं.

"एक वाटा पोरासाठी सुकवून ठेवू. दुबईला असतो तो. येत नाही लवकर." मग माझ्याकडे वळून, पाहुण्याशी बोलतात तसे अदबीनं म्हणाले, "तुम्ही बरोबर आलात, तुमचाही वाटा आहे. घर कुठचं तुमचं?"

"मोहल्ल्यातलंच," मी म्हणालो.

त्यांनी माझा चेहरा नीट निरखून पाहिला. त्यांना ते पटलं नाही.