मामाची सकाळची मोजणी

माझा मामा बदामाच्या बागेत कोळी मोजतो. जाळं विणून कोपऱ्यात बसणारे नव्हेत. हे पानाच्या मागच्या बाजूला असतात, पेनाच्या टिंबाएवढे. तीस वर्षं त्याच्या गळ्यात दोरी आणि दोरीला भिंग. लोक त्याला भिंगमामा म्हणतात. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण आणि बागेची मालकीण, चिडली की "शहाणा" म्हणते.

त्याचं गणित सरळ. लाल कोळी पानाचा रस शोषतो, तो शत्रू. त्याला खाणारा मित्रकोळीही आकाराने तेवढाच असतो, आणि खाऊन खाऊन तोही लालसर होतो. म्हणून ओळखायचं चालीवरून: पळतो तो मित्र, बसून राहतो तो शत्रू. मित्र पुरेसे असले तर फवारायचं नाही, कारण औषध दोघांनाही मारतं, आणि लाल कोळी आधी परत येतो. मग त्याला मोकळं रान.

मागच्या वर्षी मामाने "फवारा" सांगितलं. महिन्याभरात पानं तांबडी पडून गळाली, बदाम भरलेच नाहीत.  

यंदा फवारणीचं यंत्र उद्या येणार होतं. मामाने संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. मोजणी उरली होती म्हणून तो दुपारपर्यंत बागेत होता; मग शेडमध्ये आला आणि पिंपावर बसला.

"ताई, माझं डोकं चालेना. एक झाड मोजून खुणेची फीत बांधायला गेलो तर माझीच फीत तिथे! सकाळी मोजलेलं झाड. तेव्हा सगळे शत्रू होते, आता निम्मे मित्र."

"फीत उडून दुसऱ्या झाडाला गेली असेल," आई म्हणाली.

"गाठ मारून?"

"मामा, डोळे दाखव एकदा," मी म्हणाले.

"दाखवलेत! डॉक्टर म्हणाला, गरुडाचे आहेत."

मला हसू आलं आणि त्याची कीवही आली. पानं ताजी राहावीत म्हणून तो बर्फाचा डबा ठेवतो; त्यातून त्याने सकाळची पानं काढली. एक पान भिंगाखाली धरलं. सगळे बसलेले. दुसरं, तेच. तो वैतागून पानावर वाकला आणि मोठा उसासा सोडला. त्या उबेने पानावर धावपळ सुरू झाली.

"पळाले," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता.

"म्हणजे गारठ्यात मित्रही बसूनच राहतात?" मी विचारलं आणि लगेच जीभ चावली. उन्हात चक्कर आल्यापासून मामा पहाटेच्या गारव्यात मोजायला जायचा. गेल्या वर्षापासून.

आईने हिशोब माझ्याआधीच केला होता. "मागच्या वर्षी मी तुझ्या शब्दावर आपलेच मित्र मारले?"

"हो." मामा भिंग पुसत राहिला; काच कधीच स्वच्छ झाली होती. "आणि ताई, त्याच्या आधीच्या वर्षांतही कधी थंडी असेल. मला आता काहीच सांगता येत नाही."

मला वाटलं, आई आता त्याला घरी पाठवणार. तिने फोन उचलला, यंत्रवाल्याला "चार दिवस थांबा" म्हणाली आणि मामाच्या गळ्यातून दोरी काढून स्वतःच्या गळ्यात घातली.

"चल. ऊन आहे, तू सावलीत बस. मी पान धरते, तू शिकव."

मामा उठला. रडत होता आणि आईला सांगत होता, "भिंग उलटं धरलंयस."